तिसऱ्या हाकेपर्यंत

१

मिठीला नदी म्हणणारी माणसं मुंबईत बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे तिला नाला म्हणतात, पुलावर नाकाला रुमाल लावतात आणि पलीकडे पोचल्यावर काढतात. अपेक्षा परब मात्र तिला ‘आमची नदी’ म्हणायची, आणि तसं म्हणताना तिच्या आवाजात भांडणाची थोडी तयारी असायची. समोरचा हसलाच तर ती मोबाइल काढून फोटो दाखवायची. तिवराच्या फांदीवर बसलेला खंड्या, चिखलात एका पायावर ध्यान लावलेला बगळा, लांबलचक गुलाबी पायांचे शेकाटे. मग माणूस हळूच विचारायचा, “हे शीवजवळ? खरंच?”

तेहतीस वर्षांची अपेक्षा परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ एवढं दिवसातून शंभरदा म्हटलं की माणसाची बोलायची हौस फिटते. म्हणून महिन्यातून दोनदा ती सुट्टी बदलून घ्यायची, कॅमेरा गळ्यात अडकवायची आणि वडिलांना घेऊन नदीवर जायची. दिवस नेहमी एकादशीचा. त्यात पुण्य मिळवायचा विचार नव्हता. एकादशीला दुपारी पावणेतीनच्या सुमारास पाणी तळाला जातं, चिखल उघडा पडतो आणि पाखरं खायला उतरतात, एवढंच. हे गणित वडिलांचं. रघु परब मूळचे मालवणकडचे. बहात्तर वर्षांतली पन्नासहून जास्त डिलाईल रोडच्या चाळीत गेली, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवण्यात उमेद गेली, पण कुठलीही तिथी सांगा, बोटांच्या पेरांवर मोजून भरती कधी नि सुकती कधी ते मिनिटात सांगायचे.

जागाही ठरलेली. शीवच्या पुढे मोठ्या रस्त्यावरून खाली उतरलं की बंद पडलेलं एक पंपहाऊस आहे. त्याच्या भिंतीलगत बदामाच्या झाडाखाली बाबांचं घडीचं स्टूल, शेजारी चहाचा थर्मास आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. तिथून साठेक पावलांवर, तिवरांना वळसा घालून, पाण्याजवळ अपेक्षाची बैठक. मध्ये तिवरं दाट, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नसत. ऐकू मात्र स्वच्छ येई.

आणि ऐकण्याबद्दल परबांच्या घरात एक नियम होता. हाक तीनदा मारायची, आणि तिसरी येईपर्यंत ओ द्यायची नाही. हा नियम रघु परबांनी गावाहून आणला आणि चाळीत कसोशीने पाळला. पोस्टमन दारात खोळंबायचा. अपेक्षाची आई, शकू, हयात होती तेव्हा वैतागून म्हणायची, तुमची दुसरी हाक होते तोवर माझं दूध उतू जातं. कुणी कारण विचारलं तर रघु परब खांदे उडवायचे.

“तिसरी हाक माणसाची. तिका ओ देवचीच लागता. आधीच्यो दोन कोणाच्यो, ता आपल्याक काय करूचा?”

अपेक्षाला यात काही गूढबिढ वाटत नसे. कुणाच्या घरी जेवताना टीव्ही बंद असतो, कुणाच्या घरी बाहेरच्या चपला आत चालत नाहीत. त्यांच्याकडे हे.

२

गेली दोन वर्षं अपेक्षाला एका पाखराने झुलवत ठेवलं होतं. फटाकडी. मुठीएवढी, तांबूस पोटाची, लाल डोळ्यांची. तिवरांच्या मुळांत लपून राहते, आवाज देते आणि दिसत मात्र नाही. आधी टिक-टिक-टिक, मग वरून खाली घसरत जाणारी किलबिल. अपेक्षाकडे तिचा एकच फोटो होता आणि त्यात शेपटी होती.

हॉस्पिटलातला सिद्धांतही कॅमेरा घेऊन हिंडणारा. तो म्हणाला, “अगं, तिचाच आवाज रेकॉर्ड करून तिला ऐकव. तिला वाटतं आपल्या हद्दीत दुसरी घुसली. भांडायला बाहेर येतेच.”

“फसवणूक आहे रे ही.”

“फोटो पाहिजे का नको? फक्त एक कर. तीनदाच वाजवायचं, मग दहा मिनिटं गप्प. सारखं वाजवलं की पाखरू पार हैराण होतं.”

त्या एकादशीला अपेक्षा मोबाइल पुढे धरून चिखलाच्या कडेला बसली. पाणी उतरलं होतं. पलीकडच्या काठावरच्या काचेच्या इमारतींवर ऊन चमकत होतं. फटाकडी बोलायला लागली, अगदी जवळ, डाव्या हाताच्या तिवरांत. अपेक्षाने सवयीने श्वास धरून ठेवला. वीस सेकंद, पंचवीस सेकंद, आणि मागून बाबांचा आवाज आला.

“अपू गो, चाय निवली.”

फटाकडी गप्प. अपेक्षाने चडफडत रेकॉर्डिंग बंद केलं. बाबांनी रीतसर आणखी दोन हाका मारल्या, तेव्हा तिने ओ दिली आणि चहा प्यायला गेली.

बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

“मगाशी तू माका हाक मारलंस?”

“नाही. मी कशाला मारू? पाखरू पळालं असतं.”

“बाबा म्हणान मारलंस. एकदाच.” ते चहा फुंकत म्हणाले. “एका हाकेक ओ कोण देतलो? मी बसान रवलंय.”

अपेक्षाला हसू आलं. रस्त्यावर ट्रक चालू होते, पुलावरून माणसं जात होती. मुंबईत बाबा म्हणून हाक मारणाऱ्या मुली काही कमी नाहीत. तिने तसं सांगितलं. बाबांनी मान डोलावली, पण त्यांनी स्टूल उचलून भिंतीच्या आणखी जवळ घेतलं, हे तिने पाहिलं.

३

रेकॉर्डिंगच्या शेवटचा बाबांचा तुकडा कापून टाकायचा होता. तो राहिला. नाइट ड्युटी, मग सर्दी, मग आळस. पंधरा दिवसांनी पुढची एकादशी उजाडली तेव्हा ती तसाच मोबाइल घेऊन नदीवर गेली. आवाज तीनदा वाजेल आणि दर दोन वेळांच्या मध्ये चार सेकंद थांबेल, एवढं तिने मोबाइलमध्ये नीट लावून घेतलं होतं. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून व्हिडिओ चालू केला, छोटा स्पीकर तिवरांच्या कडेला ठेवला आणि बटण दाबलं.

टिक-टिक-टिक, किलबिल. “अपू गो, चाय निवली.” चार सेकंद. टिक-टिक-टिक, किलबिल. “अपू गो, चाय निवली.” चार सेकंद. पुन्हा एकदा.

मागे भिंतीजवळून बाबांचं हसू ऐकू आलं. “गो, माका मशीन करून टाकलंस.”

तीही तोंडावर हात ठेवून हसली. मग ती पाण्याकडे नजर लावून बसली. वाऱ्याने तिवरांची पानं हलत होती. एक शेकाट्या पाण्यात चोच खुपसत पुढे पुढे जात होता. दोन-एक मिनिटं गेली असतील. डावीकडून, जिथे स्पीकर ठेवला होता त्याच्या बरंच आतून, उत्तर आलं. टिक-टिक-टिक, किलबिल.

आणि त्याला जोडून, “अपू गो, चाय निवली.”

शेकाट्या उडाला. अपेक्षाला पहिल्यांदा राग आला, भीती वाटली नाही. बाबा गंमत करतायत, दोन वर्षांचं पाखरू हातचं घालवतायत. ती उठली आणि तरातरा वळसा घालून भिंतीकडे गेली. बाबा स्टुलावर बसून खिचडी खात होते. तोंडात घास होता.

“काय बोललात आत्ता?”

त्यांनी घास गिळला. “मी काय बोलूक नाय.”

“बाबा, खरं सांगा.”

“तुझ्या मशिनीतला ता. तिका विचार.”

मोबाइल तिच्या हातात होता. बंद. स्पीकरचा दिवाही विझलेला, येताना तिने पाहिला होता. अपेक्षाने स्वतःला समजावलं, की पंपहाऊसची भिंत आहे, पलीकडे काँक्रीट आहे, आवाज आपटून परत येतो. दोन मिनिटांनी परत येतो का, हा प्रश्न तिला पडला, पण तो तिने पुढे ढकलला. त्या दिवशी बाबांना एकटं सोडून परत पाण्याजवळ जायला तिचे पाय वळेनात. ती भिंतीजवळच बसून राहिली, आणि तिकाटण्यावर कॅमेरा एकटाच चालू राहिला.

४

संध्याकाळी घरी तिने तो व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. चाळीतलं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट, आत स्वयंपाकघर, आणि दार एकच, बाहेरच्या खोलीचं. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, कानात हेडफोन घालून बसली.

व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. चौथ्या मिनिटाला ते उत्तर आलं. त्यापाठोपाठ तिची स्वतःची पावलं, लांब जाणारी. मग नुसता वारा.

सातव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं, “बाबा.”

आवाज तिचा होता. आपला आवाज रेकॉर्डिंगवर परका वाटतो म्हणतात, हा वाटला नाही. ती शाळेतून येऊन जिन्यातूनच हाक मारायची, त्यात शेवटचा ‘बा’ जरा लांबायचा. तसाच लांबला होता. हाक अगदी हलकी होती, कॅमेऱ्याजवळून मारलेली, भिंतीपर्यंत न पोचलेली. पण सातव्या मिनिटाला ती भिंतीजवळ बाबांच्या शेजारी बसली होती, हातात चहा होता, आणि तोंडात घोट.

अकराव्या मिनिटाला पुन्हा. “बाबा.” थोडा वेळ गेला. “बाबा.”

मग कार्ड भरलं आणि व्हिडिओ संपला.

तिने सिद्धांतला तो तुकडा पाठवून फोन केला. तो म्हणाला, “तूच तर आहेस. काय झालं?”

“मी हाक मारलीच नाही रे.”

“अगं, मारली असशील. लक्षात राहतं का? मी दिवसातून किती वेळा मम्मी म्हणतो, मला तरी माहितीये का? झोप जा.”

शहाणी माणसं असंच बोलतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. अपेक्षाने झोपायचं ठरवलं, आणि त्याआधी फक्त एकदा अकरावं मिनिट एकेक चित्र थांबवत पाहिलं. हे तिचं कामच होतं. करड्यातलं करडं ओळखायचं, सावलीतली फट शोधायची. तिवरांच्या मुळांमध्ये, चिखलाला लागून, घोट्याएवढ्या उंचीवर काहीतरी फिकट होतं. प्लास्टिकची पिशवी. नदीत पिशव्यांना काय तोटा? पण एका चित्रात ती मिटलेली होती आणि पुढच्या चित्रात उघडी. मग मिटलेली. मग उघडी, आणि थोडा वेळ उघडीच. तिने आवाज पुन्हा चालू केला. ‘ब’ला मिटत होती, ‘आ’ला उघडत होती.

तिने लॅपटॉप बंद केला. बाहेर बाबा कुशीवर वळले, कॉट करकरली. तिला रडू आलं, कशाचं ते कळलं नाही. आई गेल्यापासून या जगात तिचं म्हणावं असं हे एकच माणूस होतं. मग तिला एक गोष्ट सुचली आणि तिचा जीव जरा खाली बसला. लागोपाठच्या हाका दोनच होत्या. दोन हाकांना बाबा उभ्या जन्मात उठले नव्हते.

त्याच रात्री तिने मोबाइलमधलं फटाकडीचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

५

पुढच्या एकादशीला जायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. सांगायचं फक्त राहिलं होतं. सकाळी ती उठून पाहते तर बाबा दाढी करून, चौकड्यांचा शर्ट घालून तयार. थर्मास भरलेला, स्टूल दाराशी.

“आज नको, बाबा.”

“कित्या?”

व्हिडिओ त्यांना दाखवला नव्हता. “कंटाळा आलाय.”

रघु परब कॉटवर बसले. कोपऱ्यात शकूचा फोटो होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण अपेक्षाने पाहिलं. “पंधरा दिवस मी ह्या गॅलरीत बसान रवतंय,” ते म्हणाले. “शेजारची दर्शना येता, काका कसे आसात विचारता, जाता. एक दिवस नदीर जाऊक गावता, ता पण बंद कर.”

असं बोलल्यावर कोण नाही म्हणणार? आणि तिच्या मनातही एक कोपरा होता, ज्याला तिथे जाऊन, भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी पिशवी पाहायची होती. पिशवी आहे म्हणून हसायचं होतं.

“ठीक आहे. पण ऐका. मी तुम्हाला हाक मारणार नाही. काही लागलं तर फोन करीन. कुठूनही हाक आली तरी उठायचं नाही.”

“एकाक, दोनाक मी कधी उठलंय?”

“नाही उठलात,” अपेक्षा म्हणाली, आणि ते म्हणताना तिला खरंच धीर आला.

६

बदामाच्या झाडाखाली बाबांना बसवून ती पाण्याजवळ गेली. आधी तिने पिशवी शोधली. डावीकडच्या तिवरांच्या मुळांत पिशव्या तीन होत्या, एक निळी, दोन काळ्या. फिकट एकही नव्हती. मागच्या भरतीने वाहून नेली असेल. नेणारच, नदी आहे.

पावणेतीन वाजले. वारा पडला होता. ती कॅमेरा छातीशी धरून बसली आणि दहाच मिनिटांत, काही न वाजवता, कसलीही फसवणूक न करता, फटाकडी बाहेर आली. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती सात-आठ हातांवर उघड्या चिखलात उभी. तांबूस पोट, लाल पाय, माणकासारखा डोळा. अपेक्षाच्या कॅमेऱ्याचा खटखटाट सुरू झाला. भीती, व्हिडिओ, सगळं ती विसरली. बोट बटणावरून उचलेना.

फटाकडी एकदम थबकली. तिने मान वळवून मागे, तिवरांत पाहिलं. आणि उलट्या दिशेला, अपेक्षाच्या अगदी पायाजवळून, पळाली. लपायला घरात जायचं सोडून पाखरू उघड्यावर पळालं.

“बाबा,” तिवरांतून अपेक्षाचा आवाज म्हणाला.

तिने कॅमेरा खाली घेतला. पण ती हलली नाही. ही एक. बाबा उठणार नाहीत.

“बाबा.”

ही दुसरी. बाबा उठणार नाहीत. ती मनातल्या मनात मोजू लागली, का ते तिला कळत नव्हतं, नुसती सवय. एक, दोन, तीन. आणि मग तिला कळलं की दोन हाकांच्या मधला वेळ तिच्या ओळखीचा आहे. तो तिनेच मोबाइलमध्ये लावला होता. एक हाक, मग चार सेकंद, मग पुढची. तीनदा वाजवायचं, मग गप्प. पहिल्या दिवशी तिवरांत जे होतं त्याला एकच हाक मारता येत होती. तीन मारायच्या असतात हे त्याला तिने शिकवलं होतं, बाबांच्याच आवाजात, इथेच बसून.

तिने ओरडायला तोंड उघडलं.

“बाबा,” तिवरांतून आलं. तिसरी.

“ओ,” भिंतीकडून बाबांचा आवाज आला, समाधानी, जरा दमलेला. “येतंय गो.” स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. मग चिखलात पावलं, चपक, चपक, आत जाणारी.

अपेक्षा धावली. वळसा घालायला वेळ नव्हता, ती सरळ तिवरांत घुसली. गुडघाभर चिखलात पाय रुतले, फांद्यांनी हात सोलले, कॅमेरा गळ्यात आदळत होता आणि तिचं बोट कशालातरी धरायचं म्हणून त्यालाच घट्ट धरून होतं. पानांमधून एकदा चौकड्यांचा शर्ट दिसला, पाठमोरा, वाकलेला. जमिनीलगत कुणी लहान मूल असावं आणि त्याच्याशी बोलायला वाकावं तसे बाबा वाकले होते. मग तोही दिसेनासा झाला.

“बाबा!” ती ओरडली.

काही नाही.

“बाबा!”

“ओ.”

तिवरं बाजूला झाली आणि ते बाहेर आले, तिच्यापासून दोन हातांवर. चिखल कमरेपर्यंत, एक चप्पल पायात नाही, चेहरा शांत. तिने त्यांना मिठीच मारली. त्यांचं अंग थंडगार होतं, चिखलाचा वास येत होता. ती हुंदके देत होती, शिव्या देत होती, तुम्हाला सांगितलं होतं ना, सांगितलं होतं ना, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते हसले. तिने त्यांचा हात धरून ओढतच रस्त्यावर आणलं आणि मिळेल ती टॅक्सी पकडली. स्टूल, थर्मास, डबा, सगळं तिथेच राहिलं.

टॅक्सीत ते काही बोलले नाहीत. ती मात्र घर येईपर्यंत त्यांचा हात सोडायला तयार नव्हती.

७

घरी तिने त्यांना गरम पाण्याने आंघोळ करायला लावली. ते अंगावर पाणी ओतून आले आणि पुन्हा तोच चौकड्यांचा शर्ट घालून कॉटवर बसले. तिने तो धुवायला मागितला, तर नुसते हसले. ते तसेच बसून राहिले आणि संध्याकाळचे पावणेसात झाले. तिने स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं, आणि आतून सुटल्यासारखं वाटत होतं. वाचलो. आता नदी नाही, एकादशी नाही, काही नाही.

बाहेर गॅलरीतून दर्शनाची हाक आली. शेजारची दर्शना रोज या वेळी यायची.

“रघूकाका!”

“ओ,” बाबा म्हणाले.

दर्शना दारात येऊन हसत उभी राहिली. “आज काय झालं काका? पहिल्याच हाकेला ओ? मी तिसरीची वाट बघत उभी राहणार होते.” तिने आणलेली भाजीची वाटी ठेवली, आत डोकावून अपेक्षाकडे पाहिलं. “अगं, काकांना बरं नाही का? बघ जरा.” आणि ती गेली.

अपेक्षा गॅसपाशी उभी होती. म्हातारं माणूस आहे. घाबरलेत, दमलेत. आज तिवरांतून हाका ऐकल्यावर माणूस नियमबियम विसरणारच. तिने असं बरंच काही स्वतःला सांगितलं, आणि सांगता सांगता ती तिवरांतल्या त्या क्षणापाशी जाऊन पोचली. आपण ओरडलो. काही नाही. पुन्हा ओरडलो. आणि ते आले.

दोन.

कॅमेरा ओट्यावर पडला होता, चिखलाने माखलेला. तिने तो पुसला आणि चालू केला. फटाकडीचे फोटो होते, एकाहून एक सुंदर. त्यानंतर धावताना आपोआप निघालेले. पानं, आभाळ, चिखल, तिची बोटं. शेवटचा फोटो तिने बाबांना मिठी मारली तेव्हाचा असावा, कॅमेरा दोघांच्या मध्ये दाबला गेला होता आणि त्याचं तोंड बाजूला वळलेलं होतं. कडेला, अगदी जवळ, चौकड्यांची एक बाही. आणि पलीकडे आत, तिवरांच्या खोडांमधून, पाण्याच्या बाजूला, चौकड्यांचा आणखी एक तुकडा. पाठमोरा. मान किंचित वळवलेली, कान देऊन ऐकत असल्यासारखी.

तिने तो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. तिला आयुष्यात पहिल्यांदा एक ओ नको होती. बाहेरच्या खोलीत शांतता राहावी, पहिल्या हाकेला कुणी बोलू नये, एवढंच तिला हवं होतं. ती अगदी हळू, जवळजवळ श्वासावर म्हणाली, “बाबा.”

“ओ,” बाहेरून लगेच आलं.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती. एकादशीची भरती पावणेनऊला पूर्ण होते, हे गणित तिला बाबांनीच शिकवलं होतं. तीनपासून पाणी चढत होतं. तिवरांत एव्हाना गुडघ्याच्या वर आलं असेल. आणि तिथे काळोखात, पाण्यात, तिचे बाबा ओ न देता उभे असतील. लेकीच्या दोन हाका त्यांनी ऐकल्या होत्या. तिसरीची ते वाट पाहत असतील. ती मारल्याशिवाय ते यायचे नाहीत.

तिने चप्पल हातात घेतली. घराला दार एकच होतं, आणि ते कॉटच्या शेजारी होतं.

कॉट करकरली.

“अपू गो, चाय निवली.”

गॅसवरच्या चहाला अजून उकळी आली नव्हती.